बिरादार सरांचा अंटार्क्टिका

बिरादार सर वर्गात हजेरी घ्यायचे नाहीत. दारातून आत येता येता नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "नायगाव आलंय. औसा आलंय. निलंगा झोपलंय. उमरी कुठंय?" उमरी म्हणजे मी. लातूरच्या लॉ कॉलेजात मी पाच वर्षं काढली, पण सरांनी माझं खरं नाव एकदाही घेतलं नाही. गावाच्या नावानं हाक मारली की आपण कुठून आलो ते माणूस विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. आम्ही पाठीमागं म्हणायचो, सरांना नावं लक्षात राहत नसणार, दुसरं काय.

ते आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायचे. हा विषय आमच्याकडे लग्नात आलेल्या लांबच्या पाहुण्यासारखा. बसायला द्यायचं, जेवू घालायचं, पण कोण कुठले ते विचारायचं नाही. आम्हाला ओढ सातबाऱ्याची, फेरफाराची, वाटणीच्या दाव्यांची, कारण पुढं पोट त्याच्यावर चालणार होतं. सरांना हे पक्कं ठाऊक होतं. पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर एक लांब आडवी रेघ ओढली आणि विचारलं, "हे काय?"

मागच्या बाकावरून नायगाव पुटपुटला, "बांध हाय सर."

"बरोबर. आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे बांधाची भांडणं. तुमच्याकडं कुऱ्हाडी निघतात, तिकडं जहाजं निघतात. बाकी सगळं तेच."

उंच, थोडे पोक आलेले, केस विरळ. अंगात बारा महिने बिनबाह्यांचा राखाडी स्वेटर. लातूरचं ऊन म्हणजे काय ते ज्यानं पाहिलंय त्याला ह्या स्वेटरचं नवल वाटेल. नायगावनं पहिल्याच आठवड्यात अफवा उठवली की सर अंटार्क्टिकाला जाऊन आलेत आणि तिथली थंडी त्यांच्या हाडात बसलीये. प्रत्यक्षात सर हैदराबादच्या पलीकडं गेले नव्हते. लग्न केलं नव्हतं. कॉलेजच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, खिडकीत तुळस, आणि भिंतीवर गावच्या जत्रेतला शंकराचा फोटो आणि त्याच्याशेजारी अंटार्क्टिकाचा नकाशा. घरमालकीण दोघांनाही उदबत्ती ओवाळायची.

अंटार्क्टिका शिकवताना ते फळ्यावर गोल काढायचे, भाकरीएवढा, आणि त्याचे तुकडे पाडायचे. "सात देशांनी ह्या भाकरीचे तुकडे आपले म्हणून सांगितले. त्यातल्या तिघांचा तुकडा एकमेकांवर येतो. तिघं भाऊ, रान एकच. मग हक्क दाखवायचा कसा? एकानं तिथं पोस्ट ऑफिस उघडलं. पत्र टाकायला माणूस नाही, पेंग्विन आहेत, पण शिक्का आहे! एकानं विमानातून लोखंडी खुणा खाली टाकल्या. एकानं तर गरोदर बाई नेऊन ठेवली आणि तिथंच बाळंत केली. लेकरू जन्मलं की घर आपलं झालं."

वर्ग हसायचा. कुणीतरी विचारायचं, "मग सर, जमीन कुणाची झाली?"

"कुणाचीच नाही. जैसे थे."

कोर्टाचा 'जैसे थे' हा आमच्याकडं पोरासोरांनाही माहीत असलेला शब्द. दावा लागला, निकाल लांब आहे, तोवर दोघांनीही काही हलवायचं नाही, असा हुकूम. सर म्हणायचे, अंटार्क्टिकाचा करार हा जगातला सगळ्यात मोठा जैसे थे. ज्याचा दावा आहे त्यानं तो सोडायचा नाही. ज्याला मान्य नाही त्यानं तो मान्य करायचा नाही. आणि करार चालू आहे तोवर तिथं कुणी झोपडी बांधली, वर्षभर राहिलं, झेंडा रोवला, तरी ते दाव्यात धरायचं नाही.

"हे शेवटचं लिहून घ्या," ते सांगायचे. "धरायचं नाही. माणसानं एवढं शहाणं वाक्य क्वचित लिहिलंय. पुढं चंद्रावर, मंगळावर जाल तेव्हा दुसरं काही नेऊ नका, एवढं वाक्य न्या."

आणि मग खडूची धूळ झटकत तास संपवायचे, "साकु."

ह्या 'साकु'नं आमचा घात केला. सरांच्या तोंडात लॅटिन शब्द फार. त्यातलाच हा एक समजून मी वहीत व्यवस्थित लिहून घेतला होता. परीक्षेत अंटार्क्टिकावर प्रश्न आला तेव्हा मी ठासून लिहिलं, 'अशा प्रसंगी साकु हे तत्त्व लागू होते, ज्यान्वये वाद आहे त्या ठिकाणी थांबविला जातो.' नायगावनं माझंच बघून लिहिलं. सरांनी दोन्ही पेपर वर्गात वाचून दाखवले. हसले मात्र नाहीत. पेपर टेबलावर ठेवून म्हणाले, "ह्याचे मार्क कापता येत नाहीत. येळवशीला माझ्या गावी या दोघं. साकु म्हणजे काय ते तिथं कळेल."

आमच्या उमरीकडं येळवशीचं एवढं प्रस्थ नाही, आणि आमच्या घरी तर रानच नव्हतं. वडील पोस्टात, आम्ही भाड्याच्या घरात. पण लातूर-उदगीरकडं मार्गशीर्षातल्या त्या अवसेला गावंच्या गावं ओस पडतात. सगळे रानात. ज्वारीच्या कडब्याची कोप उभी करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, पूजा करायची, आंबील रानभर शिंपडायची आणि मग येईल त्याला जेवू घालायचं. त्या दिवशी वाटसरूलाही हात धरून बसवतात, कोण कुणाचा ते विचारत नाहीत.

सरांचं गाव उदगीरपासून जवळ, कर्नाटकची हद्द दिसेल एवढ्यावर. आम्ही काळीपिवळीतून उतरलो आणि सरांच्या मागून रानात गेलो. हिरवागार हरभरा, करडई, आणि मध्येच एक उजाड पट्टी. तिच्यात तरवड आणि गुडघाभर कुसळ माजलेलं, एक लिंबाचं झाड, झाडाखाली दगडी समाधी. पट्टीच्या ह्या अंगाला सरांची कोप, बटईदारानं घातलेली. त्या अंगाला दुसरी कोप, मोठी, माणसांनी भरलेली. दोन्हीकडच्या चुलींचा धूर वर जाऊन एक होत होता.

"तिकडं कोण आहे सर?"

"थोरले बंधू. अण्णा."

"मग आपण इकडं का?"

"जैसे थे आहे," सर म्हणाले आणि चटईवर मांडी घालून बसले.

एवढ्यात पलीकडून एक बाई डोक्यावर दुरडी आणि कमरेवर आंबिलीचं बिंदगं घेऊन सरळ कुसळातून आमच्याकडं आल्या. ह्या सरांच्या वैनी, अण्णांच्या बायको, भालकीकडच्या. मराठी बोलायच्या पण मध्येमध्ये कन्नड यायचं. सर म्हणाले, "ह्या पट्टीत पाय ठेवायची मुभा फक्त वैनींना. त्यांचं नाव दाव्यात नाही. अंटार्क्टिकात शास्त्रज्ञांना असते तशी."

वैनींनी आमच्या ताटात शेंगा-पाल्याची भज्जी वाढली. उंडे वाढले. खीर वाढली. मी म्हणाले, पुरे. त्यांनी आणखी वाढलं. नायगाव म्हणाला, बास बास. आणखी बाजरीचे उंडे आले. हात आडवा धरला तर हातावर खीर. शेवटी सरांनी ताटावरून मान न उचलता सांगितलं, "साकु वैनी, साकु," आणि पळी जागच्या जागी थांबली.

"आईचा शब्द हाय माझ्या," वैनी हसून आम्हाला म्हणाल्या. "पुरे म्हणलेलं मला ऐकूच येत न्हाई. साकु म्हणलं की हात थांबतो. भाऊजीला ठावं हाय. लग्न होऊन आले तवा एवढाल्ला व्हता, माज्याच हातचं जेवलाय."

जेवून आम्ही दोघं पलीकडं गेलो. आम्हीही दाव्यात नव्हतो. अण्णा दणकट, मोठ्या आवाजाचे, बसल्या जागेवरून सगळ्या रानाला ऐकू जाईल असं बोलणारे. "या या, वकिलाची पोरं! काय शिकवलाय तुमचा सर? चंद्रावर कुणाचा बांध हाय ते सांगतोय म्हणं. त्याला म्हणावं, घरचा बांध सुटना झालाय, चंद्राला कशाला तरास देतोस?" पलीकडं सर चटईवर बसून हे सगळं ऐकत होते. त्यांनी स्वेटरची गुंडी लावली, एवढंच.

परतताना सरांनी स्वतःहून सांगितलं. वडील गेल्यावर वाटणी झाली. उगवतीकडचं रान अण्णांना, मावळतीकडचं सरांना. त्यांच्या समाजात माणूस गेला की रानातच पुरतात. वडिलांची समाधी मधल्या पट्टीत होती, म्हणून ती पट्टी दोघांची ठेवली. त्या वर्षी येळवशीला अण्णांनी नेहमीसारखी कोप त्या पट्टीत घातली. वडिलांच्या काळापासून तिथंच घालायचे. पण ह्या खेपेला धाकट्याला विचारलं नाही. बाररूममध्ये कुणीतरी सरांच्या कानात सांगितलं, आज कोप घातली, उद्या वहिवाट दाखवतील. सर कॅमेरा घेऊन गेले, कोपीचा फोटो काढला आणि दावा लावला. फोटो पुराव्यात गेला, त्याच्यावर निशाणीचा आकडा पडला. कोर्टानं जैसे थे दिला. दोघांपैकी कुणीही पट्टीत जायचं नाही, काही करायचं नाही. तेव्हापासून दोन कोपी.

"एवढ्याशा पट्टीसाठी सर?" नायगावनं विचारलं. असले प्रश्न तोच विचारू शके.

"पट्टी कोण मागतंय? मला मूलबाळ नाही. माझ्यामागं सगळं अण्णांच्या सिद्धूलाच जायचंय. अण्णांनी विचारलं नाही, एवढंच होतं." उदगीरचं स्टँड आलं तेव्हा म्हणाले, "त्या फोटोत वैनी आहेत. कोपीपुढं पळी घेऊन उभ्या. हसताहेत. त्यांना वाटलं, भाऊजी आठवणीसाठी फोटो काढतोय."

पुढं मी नांदेडला आले. सकाळी कोर्ट, दुपारी एका कॉलेजात तास. सर निवृत्त झाले आणि लातूरच्या त्याच दोन खोल्यांत राहिले. कधी फोन करायचे, "उमरी, पाऊस आहे का?" एवढं विचारून ठेवून द्यायचे.

आपलं यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं त्या दिवसांत मी त्यांना आमच्या कॉलेजात व्याख्यानाला बोलावलं. हॉल भरलेला. पोरांनी गालावर तिरंगे रंगवलेले, बाहेर पेढ्यांचे खोके. सर स्वेटर घालून उभे राहिले आणि त्यांनी त्या उत्सवावर गार पाणी ओतलं.

"टाळ्या वाजवा, मीही वाजवल्या. आता ऐका. चंद्राच्या त्या टोकाला खड्ड्यांत बर्फ आहे म्हणतात. म्हणजे पाणी. आमच्या लातूरला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आलं होतं. टाकीपुढं पोलीस उभे होते. पाणी आहे तिथं भांडण येतं, हे मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. तुम्ही म्हणाल, करार आहे, चंद्र कुणाच्या मालकीचा होऊ शकत नाही. आहे करार. झेंडा रोवून कुणी चंद्र आपला म्हणणार नाही. पण आपल्याकडं तरी रान कुणी झेंडा रोवून घेतं का? आपण बांध कोरतो. दरसाल नांगरताना एक रेघ आत. दहा वर्षांनी बांध कुठं होता ते बांधालाही आठवत नाही."

हॉलमध्ये हशा पिकला. शेतकऱ्यांचीच पोरं ती.

"तिथं कुणी एक यंत्र ठेवेल. म्हणेल, माझ्या यंत्राला धूळ लागते, जरा लांबून जा. सुरक्षेसाठी हं, मालकीसाठी नाही. मग शेजारी दुसरं यंत्र. मग तिसरं. तोही बांधच. अंटार्क्टिकाचा करार टिकला तो माणसं शहाणी होती म्हणून, असं मी वीस-पंचवीस वर्षं शिकवलं. आता वाटतं, तिथं पिकत नव्हतं म्हणून टिकला. बर्फानं राखला. चंद्रावर जाताना कागद न्याल, पण केलेलं न धरण्याची सवय कुठून न्याल? ती इथूनच न्यावी लागेल."

एका पोरानं विचारलं, "सर, तुमच्याकडं आहे का ती सवय?" पोरगं खोडसाळपणानं विचारत होतं, त्याला काही माहीत नव्हतं. सरांनी टेबलावरचे कागद गोळा केले. म्हणाले, "साकु," आणि खाली बसले.

चहाच्या वेळी त्यांचा फोन वाजला. पुतण्याचा, सिद्धूचा. त्याचा आवाज बापासारखाच, बाहेरपर्यंत ऐकू येणारा. "काका, अण्णा म्हणलालेत, यंदा येळवशीला कोप मधल्या पट्टीतच घालू. दोघं मिळून. एकच. कोर्टाचं काय असंल ते कोर्टात राहू द्या म्हणलालेत, हे त्यात धरायचं न्हाई."

सरांनी फोन टेबलावर ठेवला. "धरायचं नाही म्हणाले," ते मला म्हणाले. "अण्णा चौथीच्या पुढं शिकले नाहीत." त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मला स्पष्ट दिसला. त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी तो पहिल्यांदाच बघत होते.

मग त्यांनी जे केलं ते फक्त बिरादार सरच करू शकत होते. खुर्ची ओढली आणि म्हणाले, "उमरी, टाईप कर."

'उभय पक्षकारांमध्ये असे ठरते की, सदर कोप ही केवळ धार्मिक व तात्पुरत्या स्वरूपाची असून तिच्या उभारणीमुळे कोणत्याही पक्षकाराचा कब्जा, वहिवाट अथवा हक्क प्रस्थापित होणार नाही...'

मी म्हणाले, "सर, अण्णांना एवढं कशाला? हो म्हणा की."

"तोंडी कराराला काय अर्थ आहे? उद्या अण्णा फिरले नाहीत तरी सिद्धू फिरेल. एकदा लिहून झालं की मनात काही राहत नाही."

गणपती गेले, दसरा आला, मसुदा चालूच. कधी रविवारी फोन, "दुसऱ्या कलमात 'कोप' पुढं 'व तदनुषंगिक चूल' घाल." कधी पहाटे मेसेज, की पांडव कोणी मांडायचे ते राहिलं. आंबील शिंपायला सुरुवात कुठल्या कोपऱ्यातून करायची ह्यावर एक अख्खं कलम होतं. मला हसू यायचं. वाटायचं, म्हाताऱ्याला नादच लागलाय, लागू दे. दिवाळीच्या आधी कागद एकदाचा गावी गेला.

सिद्धूचा फोन मला आला. "ताई, अण्णा हसून हसून बेजार. म्हणलालेत, आंबील प्यायला सही लागत असंल तर ती आंबील न्हाई, औषध हाय. त्याला म्हणावं आधी ये तरी, मग कुठं म्हणतोस तिथं आंगठा देतो."

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "आधी सही."

दिवाळी झाली, आणि येळवशीच्या आधीच अण्णा गेले. सकाळी रानात जायला निघाले आणि दारातच बसले, ते उठले नाहीत.

मला नांदेडहून पोचायला उशीर झाला. तिथं काय झालं ते मला सिद्धूनं सांगितलं, तेही कुणा तिसऱ्याची गोष्ट सांगावी तसं. अण्णांना त्यांच्या बाजूच्या रानात, बांधाला लागून ठेवायचं ठरलं. वडिलांशेजारी मधल्या पट्टीत ठेवता आलं नसतं, जैसे थे होता. सर मोटारीतून उतरले ते सवयीनं स्वतःच्या रानात शिरले आणि पट्टीच्या काठाशी येऊन थांबले. पलीकडं माणसं जमलेली. खड्ड्यात अण्णांना बसवलेलं, कपाळाला विभूती. सिद्धूनं हात केला, "काका, या की इकडं!" सरांनी पट्टीकडं बघितलं. मग वळले आणि गाडीवाटेनं निघाले. सगळ्या रानाला वळसा घालून, वेशीवरून, पलीकडं. पोचले तेव्हा माती सारून झाली होती. कुणीतरी उरलेल्या ढेकळांतलं एक त्यांच्या हातात दिलं, ते त्यांनी वर ठेवलं.

"चार पावलांवर होते ताई," सिद्धू म्हणाला. "चार पावलं."

महिन्याभरानं मी लातूरला गेले. सर खुर्चीत बसलेले. स्वेटर खुंटीला होता. थंडीचे दिवस, आणि हा माणूस नुसत्या सदऱ्यात. मी विचारलं, थंडी वाजत नाही का? म्हणाले, "नाही वाजत." थोड्या वेळानं म्हणाले, "काही वाटत नाही ग उमरी. रडू येईल म्हणून वाट बघतोय. पाय मुंगी येऊन बधिर होतो ना, तसं आहे सगळं. दाबून बघितलं तरी कळत नाही." समोर पोह्यांची बशी होती, ती मी संपवली.

निघताना मी कामाचं बोलले. अण्णा गेले म्हणजे दाव्यात त्यांच्या जागी त्यांच्या वारसांची नावं लावावी लागणार. ती दावा करणाऱ्यानं, म्हणजे सरांनी, ठरलेल्या मुदतीत लावायची. नाही लावली तर दावा आपोआप पडतो आणि त्याबरोबर जैसे थे पण जातो. कायद्याच्या पहिल्या वर्षाचं पोरही हे सांगेल. तरी मी म्हणाले, "सर, मुदत."

"माहीत आहे. लिहायला बसतो. प्रतिवादी क्रमांक एक अ. तिथपर्यंत होतं. पुढं वैनींचं नाव लिहायचं असतं." ते उजव्या हाताकडं बघत होते. "आजवर त्या दाव्यात नव्हत्या."

मुदत गेली. उशीर माफ करायचा अर्जही त्यांनी दिला नाही. इतकी वर्षं चाललेला दावा एका तारखेला पुकारा होऊन पडला, तेव्हा तिथं कुणी नव्हतं. सरांनी तो मुद्दाम पाडला की त्यांच्यानं काही झालंच नाही, हे मला अजून सांगता येत नाही. मी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांना सांगता आलं असतं असं वाटत नाही.

अण्णांचं वर्ष झाल्यावरच्या पहिल्या येळवशीला वैनींनी सिद्धूकरवी मला बोलावलं. "काकाला घेऊन या म्हणलालीय आई." मी लातूरहून सरांना घेतलं. उदगीर मागं पडलं तेव्हा सर म्हणाले, "पाऊस नाही यंदा," आणि पाऊस तर भरपूर झाला होता.

रानात पोचलो तर कोप एकच होती. मधल्या पट्टीत. कुसळ काढून जागा सारवलेली, लिंबाखालच्या समाधीला नवा चुना, आणि कोपीच्या दारात वैनी. सर काठाशी येऊन थांबले. मग वळले आणि गाडीवाटेकडं चालू लागले.

"तिकडून न्हाई भाऊजी," वैनी म्हणाल्या. "हितून. बा." कन्नडमधलं 'ये'.

सर उभे राहिले. आपल्या चपलांकडं बघितलं. मग एक पाय उचलून पट्टीत टाकला, पाण्यात टाकावा तसा, आणि दुसरा. आले आणि कोपीपुढं बसले. बसले तिथून दोन्ही समाध्या दिसत होत्या, वडिलांची लिंबाखाली आणि अण्णांची पट्टीच्या कडेला, बांधापलीकडं.

सिद्धूनं मोबाईल काढला. "काका, इकडं बघा. आई, तू बी."

सरांनी एकदम हात चेहऱ्यापुढं धरला. वैनींनी वळून बघितलं. "ठेव त्यो फोन खिशात," त्या म्हणाल्या. "आजचं काय धरायचं न्हाई."

त्यांनी सरांपुढं ताट ठेवलं. भज्जी वाढली, उंडे वाढले. वाटीत आंबील ओतली. सर खाऊ लागले, खाली मान घालून, एका लयीत, चव लागत नसावी तसं. वाटी रिकामी झाली, वैनींनी भरली. पुन्हा झाली, पुन्हा भरली. मी शेजारी बसून बघत होते. मलाही काही वाटत नव्हतं. हात धुवायला पाणी कुठंय, असं काहीतरी मी विचारलं.

मग सरांचा हात थांबला. घास तसाच बोटांत. वैनींनी उंडा वाढला. सर गप्प. वैनींनी भज्जी वाढली. ताट भरलं, कड सोडून बाहेर आलं. सिद्धू म्हणाला, "आई, बास की, पुरे." वैनींना पुरे ऐकू येत नाही. त्यांनी बिंदगं उचललं आणि वाटीत आंबील ओतली. वाटी भरली आणि वाहू लागली, ताटातून सारवलेल्या जमिनीवर, तिथून समाधीकडच्या उताराला. वैनी सरांच्या तोंडाकडं बघत होत्या. सर वाहत्या आंबिलीकडं बघत होते.

शब्द एकच होता, त्यांच्या तोंडातला रोजचा. सर काही तो बोलले नाहीत, आणि वैनी ओततच राहिल्या.